पत्त्यांच्या कॅटांतील दैव



ज्या वाङ्मयप्रकाराविषयीं मी आज बोलणार आहें, त्याचें नांव काढतांच पुष्कळ सुशिक्षित माणसांच्या मुद्रेवर मंद स्मित उमटतें. कोणी आकाशांत उडणारा, कोणी पोलादी गज हातानें वांकविणारा, कोणी भिंतींतून आरपार पाहणारा, अशा अतिमानुष वीरांच्या कथा म्हणजे शाळकरी पोरांचा विरंगुळा, अशी आपली समजूत असते. इंग्रजींत या वीरांना 'सुपरहिरो' म्हणतात आणि तो शब्द आतां मराठींतहि रुळला आहे. अशा कथा ज्यांनीं कधीं वाचल्या नाहींत, किंबहुना ज्यांना त्या वाचाव्याशा वाटल्याच नाहींत, अशा प्रौढ वाचकांपुढें एका कादंबरीमालेची शिफारस करावी, एवढाच माझ्या भाषणाचा हेतु आहे. मालेचें नांव 'वाइल्ड कार्ड्‌स'. ती अमेरिकेंत १९८७ सालीं सुरू झाली, आणि २०२५ पर्यंत तिचे तीसहून अधिक भाग प्रसिद्ध झाले आहेत.

प्रथम पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स' या चित्रमासिकांत जेरी सीगल व जो शुस्टर या दोन तरुणांनीं 'सुपरमॅन' प्रथम वाचकांपुढें आणला, आणि त्याच्या मागोमाग अशा वीरांची रीघ लागली. या कथांवर तीन आक्षेप घेतले जातात, आणि ते तिन्ही मला बव्हंशीं मान्य आहेत. पहिला असा कीं, येथें प्रत्येकाच्या शक्तीचें कारण निराळें. एक परग्रहावरून येतो, दुसऱ्याला कोळी चावतो, तिसऱ्याला एखादी जादूची अंगठी सांपडते. एकाच जगांत इतके योगायोग घडले तर विश्वास कशावर ठेवावा? दुसरा आक्षेप असा कीं, ज्याच्या अंगीं बळ त्याच्याच अंगीं सद्गुण, अशी सोईस्कर वांटणी तेथें केलेली असते. आणि तिसरा आक्षेप, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो असा कीं, या वीरांचें वय वाढत नाहीं, त्यांच्या कृत्यांचे परिणाम टिकत नाहींत, आणि महिनाअखेर सर्व कांहीं पूर्ववत् होतें. ज्या जगांत परिणाम नाहीं त्या जगांत नीतीलाहि अर्थ उरत नाहीं.

'वाइल्ड कार्ड्‌स'चे लेखक हे आक्षेप जाणून होते, कारण ते सर्व लहानपणापासून याच चित्रमालिकांवर पोसले गेले होते. त्यांनीं या तिन्ही आक्षेपांना कसें उत्तर दिलें, हें पाहिलें म्हणजे मालेचें मर्म हातीं लागतें.

पत्त्यांच्या कांहीं खेळांत एखादें पान असें ठरविलेलें असतें कीं, तें हातीं आलें म्हणजे त्याला हवी ती किंमत देतां यावी. रमी खेळणारांना हें सांगावयास नको. असें पान म्हणजे 'वाइल्ड कार्ड'. या मालेंत तें नांव एका विषाणूला दिलेलें आहे. टॅकिस नांवाच्या दूरच्या ग्रहावरील सरदारघराण्यांनीं हा विषाणु स्वतःच्या शक्ति वाढविण्यासाठीं बनविला, आणि त्याची परीक्षा आपल्यासारख्याच दिसणाऱ्या पृथ्वीवरील माणसांवर घ्यावी असें ठरविलें. त्यांच्यांतीलच एक राजपुत्र तें कृत्य थांबविण्यासाठीं येथें येतो. येथील लोक त्याला डॉक्टर टॅकियॉन म्हणूं लागतात. परंतु त्याला वेळेवर यश येत नाहीं. विषाणूचें पात्र एका दुष्टाच्या हातीं पडतें, आणि १५ सप्टेंबर १९४६ या दिवशीं न्यूयॉर्क शहरावर, आकाशांत अतिशय उंचावर, तें फुटतें. तें वांचविण्यासाठीं 'जेटबॉय' नांवाचा एक तरुण वैमानिक प्राणपणानें झुंजतो आणि मरतो. त्याच्या अंगीं कोणतीहि अद्‌भुत शक्ति नाहीं. मालेंतील हा पहिला वीर अपयशी ठरतो, आणि त्याच्या अपयशांतून पुढील सर्व कथा उगवतात, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां या विषाणूचा हिशेब ऐका. ज्यांना तो जडतो त्यांपैकीं शंभरांतील नव्वद माणसें मरतात. 'काळी राणी निघाली' असें त्यांच्याविषयीं म्हणतात. उरलेल्या दहांपैकीं नऊ जगतात, परंतु त्यांचीं शरीरें विरूप होतात. कोणाला शिंगें फुटतात, कोणाची कातडी सडते, कोणी ओळखूं येणार नाहीं असा होतो. हे 'जोकर'. आणि शंभरांत एकच असा निघतो कीं, त्याचें रूप मानवीच राहतें आणि त्याला एखादी विलक्षण शक्ति मिळते. तो 'एक्का'. ज्याला मिळालेली शक्ति अगदींच क्षुल्लक, त्याला 'दुर्री' म्हणून हिणवितात. सर्व अद्‌भुतांना एकच कारण, आणि त्या एका लाभामागें नव्याण्णव आपत्ति! पहिल्या आक्षेपाला मिळालेलें हें उत्तर नुसतें चतुर नाहीं. शक्तिमान् वीर रस्त्यांतून जाऊं लागला कीं, त्याच्यामागें उभीं असलेलीं नव्याण्णव माणसें वाचकाला सतत दिसत राहतात.

या मालेचा जन्म कसा झाला तेंहि थोडें सांगितलें पाहिजे. हिचे संपादक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचें नांव १९९६ सालीं निघालेल्या 'अ गेम ऑफ थ्रोन्स' या कादंबरीमुळें आतां जगभर झालें आहे. परंतु ही माला त्या कादंबरीच्या नऊ वर्षें आधींची. १९८३ सालीं त्यांच्या वाढदिवसाला व्हिक्टर मिलान या लेखकमित्रानें 'सुपरवर्ल्ड' नांवाचा एक खेळ त्यांना भेट दिला. या खेळांत प्रत्येकानें एक अतिमानुष पात्र कल्पावयाचें, आणि सूत्रधार सांगेल त्या प्रसंगांत तें चालवावयाचें. न्यू मेक्सिको संस्थानांतील आल्बुकर्क येथील लेखकमंडळी या खेळांत इतकी गढून गेली कीं, लेखन बाजूला पडलें. या व्यसनांतूनच कांहीं अर्थार्जन करावें, अशा विचारानें मार्टिन यांनीं मेलिंडा स्नॉडग्रास यांना साह्यास घेऊन ही माला उभारली. रॉजर झेलाझ्नी, हॉवर्ड वॉल्ड्रॉप, वॉल्टर जॉन विल्यम्स, लुइस शायनर, एडवर्ड ब्रायंट असे नाणावलेले लेखक तिच्यांत आले.

रचना अशी कीं, जग एकच, इतिहास एकच, परंतु लेखक अनेक. प्रत्येक पात्राला त्याचा जनक ठरलेला. दुसऱ्या लेखकाला तें वापरावयाचें असेल तर जनकाची संमति हवी. कांहीं भागांत निरनिराळ्या कथा काळाच्या क्रमानें गुंफलेल्या असतात. कांहीं भागांत मात्र लेखकांचे धागे इतके एकवटतात कीं, सर्व मिळून एकच कादंबरी होते. रंगीत दगडांचे तुकडे जोडून केलेल्या चित्राची उपमा देऊन हे लोक तिला 'मोझेइक' कादंबरी म्हणतात. तिसरा भाग, 'जोकर्स वाइल्ड', हा या रचनेचा चांगला नमुना आहे. त्याचें सर्व कथानक १५ सप्टेंबर १९८६ या एकाच दिवसांत घडतें. विषाणूला चाळीस वर्षें झालीं म्हणून शहरांत उत्सव चाललेला आहे, आणि त्याच गर्दींत एक सूडानें पेटलेला मनुष्य आपले शत्रु एकेक करून गांठीत आहे.

आतां दुसऱ्या आक्षेपाकडे वळूं. बळ आणि सद्गुण यांची जोडी येथें फोडलेली आहे, आणि ती कशी फोडली हें पाहावयाचें तर पहिल्या भागांतील विल्यम्स यांची 'विटनेस', म्हणजे 'साक्षीदार', ही दीर्घकथा वाचावी. नेब्युला पारितोषिकाच्या अंतिम यादींत तिचा समावेश झाला होता. जॅक ब्राउन हा नॉर्थ डाकोटांतील शेतकऱ्याचा मुलगा. विषाणूनें त्याला असें शरीर दिलें कीं, गोळी लागत नाहीं, रणगाडा उचलतां येतो, आणि बळ वापरतांना त्याच्या अंगाभोंवतीं सोनेरी तेज पसरतें. युद्धांत विमान चालविलेला कृष्णवर्णी अर्ल सँडर्सन हा त्याचा मित्र. डेव्हिड हार्स्टीन याच्या सान्निध्यांत कोणालाहि त्याचें म्हणणें पटतें. ब्लाइथ ही इतरांचीं मनें आपल्या मनांत सांठवून घेऊं शकते. या चौघांना 'चार एक्के' म्हणून देश डोक्यावर घेतो. जॅक हॉलिवुडचा नट होतो, धनाढ्य होतो. आणि मग वारें फिरतें.

येथें कल्पनेला खऱ्या इतिहासाचा आधार आहे. अमेरिकन लोकसभेच्या एका समितीनें १९४७ सालीं हॉलिवुडमधील लोकांना बोलावून, तुम्ही साम्यवादी पक्षाचे आहांत काय, असा प्रश्न विचारण्यास आरंभ केला. दहा जणांनीं उत्तर देण्याचें नाकारलें आणि त्यांना पुढें तुरुंगवास भोगावा लागला. कित्येकांनीं आपला धंदा वांचविण्यासाठीं सोबत्यांचीं नांवें सांगितलीं. विल्यम्स यांच्या कथेंत तीच समिति चार एक्क्यांना बोलावते. हार्स्टीनला तुरुंग मिळतो. आणि जॅक, ज्याला जगांतील कोणतेंहि शस्त्र इजा करूं शकत नाहीं, तो एका साध्या टेबलापुढें, ध्वनिक्षेपकासमोर, घामानें भिजून मित्रांविरुद्ध बोलूं लागतो. त्यानंतर त्याचें नांव 'जूडास एक्का' पडतें. जॅक दुष्ट नाहीं. तो घाबरलेला आहे, त्याचें घर मोठें आहे, आणि आपण तेवढें बोललों कीं सगळें मिटेल असें त्याला वाटतें. कथा तोच सांगतो, आणि स्वतःला फारशी सवलत देत नाहीं. शेवट मीं सांगितला तरी गोडी कमी होत नाहीं, कारण एक भला मनुष्य तेथवर पायरी पायरीनें कसा उतरतो, यांतच कथेचें बळ आहे. शिवाय विषाणूनें त्याचें वार्धक्य थोपविलेलें; म्हणजे जे क्षण विसरावयाचे, ते आठवीत त्याला तरुणपणींच वर्षानुवर्षें जगावयाचें आहे.

स्नॉडग्रासबाईंची त्याच भागांतील कथा या प्रसंगाची दुसरी बाजू दाखविते. ब्लाइथच्या मनांत टॅकियॉनचेंहि मन सांठविलेलें आहे, आणि त्यांत इतर एक्क्यांचीं गुपितें आहेत. समितीपुढें तीं बाहेर पडणार असें दिसतांच टॅकियॉन आपल्या मनोबळानें तिला अडवितो. परंतु त्या आघातानें तिचें मनच भंगून जातें. तो डॉक्टर, तिचा प्रियकर, आणि तिचा घातकहि. यांत त्याचें चुकलें काय? तो गप्प राहता तर दुसऱ्या कित्येकांचा घात झाला असता. या प्रश्नाला लेखिका तयार उत्तर देत नाहीं. येथेंच तिसऱ्या आक्षेपाचेंहि उत्तर मिळतें, कारण या घटनेचे परिणाम पुढील अनेक भागांत टिकून राहतात. टॅकियॉन मद्याच्या आहारीं जातो. त्याला सावरण्यास कारण होतो तो टॉम टडबरी हा बेयॉन गांवचा एक भिडस्त तरुण. हा नुसत्या इच्छेनें मोटारी उचलूं शकतो, पण भीति वाटली कीं त्याची शक्ति लोपते. म्हणून जुन्या फोक्सवॅगन मोटारीला चिलखती पत्रे ठोकून तो तिच्यांत बसून उडतो, आणि स्वतःला 'कासव' म्हणवितो. मार्टिन यांनीं लिहिलेली ही कथा मला फार हृद्य वाटते. अंगीं पराक्रम असून तो कवचाबाहेर काढतां न येणारीं माणसें आपण सर्वांनीं पाहिलेलीं आहेत.

मालेचा खरा आत्मा मात्र जोकरांच्या वस्तींत आहे. न्यूयॉर्कच्या बावरी भागांत हे विरूप लोक एकत्र राहतात, आणि त्या वस्तीला 'जोकरटाउन' हें नांव पडतें. टॅकियॉन तेथेंच ब्लाइथच्या स्मरणार्थ दवाखाना काढतो. रोगानें विद्रूप झालेल्या माणसाला घरांतून, पंक्तींतून आणि धंद्यांतून बाहेर काढणें म्हणजे काय, हें महाराष्ट्रांत महारोग्यांच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या पिढ्यांना समजावून सांगण्याची गरज नाहीं. आणि बाबा आमटे यांनीं वरोऱ्याला काय उभारलें हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या दवाखान्याचें मोलहि कळेल. माला निघाली त्या सुमारास अमेरिकेच्या शहरांवर आणखी एका रोगाची छाया होती. १९८१ सालीं तेथें एड्‌सचे पहिले रुग्ण नोंदले गेले, आणि रोग्याचीच लाज बाळगणारा समाज सर्वांना दिसूं लागला. जोकरांच्या कथा वाचतांना तो काळ आठवल्यावांचून राहत नाहीं.

झेव्हियर डेसमंड हा या वस्तीचा वडीलधारी पुरुष. त्याच्या नाकाच्या जागीं हत्तीची सोंड आहे. आपल्याकडे सोंड हें मंगलाचें चिन्ह. त्या शहरांत मात्र तिच्यामुळें एका प्रतिष्ठित गृहस्थाला सभ्य समाजाचे दरवाजे बंद झाले. चवथ्या भागांत, 'एसेस अब्रॉड' मध्यें, एक्के व जोकर यांचें एक शिष्टमंडळ जगभर प्रवासाला निघतें. डेसमंडला कर्करोग झालेला असून आपण फार दिवस जगणार नाहीं हें त्याला माहीत आहे. देशोदेशीं जोकरांची काय दशा आहे तें तो रोज आपल्या रोजनिशींत टिपून ठेवतो. हीं पानेंहि मार्टिन यांचींच. त्यांत मारामारी नाहीं, चमत्कार नाहीं. एक मरणोन्मुख, शहाणा आणि किंचित् कडवट म्हातारा आपल्या लोकांचा हिशेब मांडीत आहे. या प्रकाराविषयीं मनांत आढी असलेल्या मित्राला मी हीं पानें आधीं वाचावयास देईन.

आणखी एका पात्राचा उल्लेख करतों. झेलाझ्नी यांनीं निर्मिलेला क्रॉइड क्रेन्सन हा त्या १५ सप्टेंबरला शाळेंतून घरीं निघालेला चौदा वर्षांचा मुलगा. त्याची गत अशी कीं, तो झोंपला म्हणजे कित्येक दिवस, कधीं कित्येक महिने झोंपून राहतो, आणि उठतो तेव्हां दरवेळीं नवें शरीर घेऊन उठतो. कधीं एक्का, कधीं जोकर. आणि एखाद्या वेळीं काळी राणी निघाली तर उठणारच नाहीं. म्हणून त्याला झोंपेची दहशत बसते. जागें राहण्यासाठीं तो उत्तेजक गोळ्या घेऊं लागतो, आणि त्यांच्या अतिरेकानें त्याची बुद्धि भ्रमिष्ट होत जाते. इतरांच्या वांट्याला पान एकदांच येतें. या मुलाला तें पुनःपुन्हां ओढावें लागतें.

शिफारस करणारानें दोष झांकूं नयेत. अनेकांनीं शिजविलेल्या पाकाप्रमाणें ही माला सर्वत्र सारखी रुचकर नाहीं. उत्तम कथेशेजारीं सामान्य कथा बसलेली आढळते. क्रौर्याचीं व शृंगाराचीं वर्णनें कित्येक ठिकाणीं उघडीं, कांहीं ठिकाणीं ओंगळ आहेत. आरंभींच्या भागांत पुरुषांच्या मानानें स्त्रियांना पुष्कळदां दुय्यम स्थान मिळालें आहे. म्हणून हीं पुस्तकें मुलांच्या हातीं देण्यासारखीं नाहींत, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें. 'सुपरहिरो' हा शब्द मुखपृष्ठावर पाहून दहा वर्षांच्या मुलाला तीं वाढदिवसाची भेट म्हणून देण्याचा मोह टाळावा.

आतां वाचावें कसें, तें सांगतों. एवढे भाग पाहून दडपून जाऊं नये. पहिल्या भागाची २०१० सालीं निघालेली आवृत्ति मिळाली तर तीच घ्यावी. तींत तीन नव्या कथांची भर आहे. हा भाग सलग वाचण्याची घाई नको. आधीं जेटबॉयची कथा, मग झोंपाळू क्रॉइड, मग 'साक्षीदार', स्नॉडग्रासबाईंची कथा आणि कासव, एवढ्या पांच कथा क्रमानें वाचाव्या. त्या वाचून मन रमलें नाहीं तर पुस्तक खुशाल मिटावें. ही माला आपल्यासाठीं नाहीं असें समजावें आणि खेद मानूं नये. मन रमलें तर पहिले तीन भाग एका संचासारखे पुरे करावे, आणि मग चवथ्यांतील डेसमंडच्या रोजनिशीकडे वळावें. तरुण वाचकांना मात्र मी दुसरें दार सुचवीन. २००८ सालच्या 'इनसाइड स्ट्रेट' पासून नव्या पिढीची कथा सुरू होते, आणि मागील भाग न वाचतांहि ती समजते. दूरचित्रवाणीवर 'सर्वश्रेष्ठ वीर कोण' अशी स्पर्धा चालली आहे; त्याच वेळीं इजिप्तमध्यें जोकरांची कत्तल होत आहे. स्पर्धेंतून बाद झालेले कांहीं तरुण कॅमेऱ्यांकडे पाठ फिरवून तिकडे निघतात. वीर म्हणजे कोण, हा प्रश्न तेथें प्रेक्षकांच्या मतांवर सोडलेला नाहीं.

शेवटीं, या कथा प्रौढ माणसानें कां वाचाव्या, याचें माझें उत्तर सांगून भाषण संपवितों. दैव मोठें कीं पुरुषार्थ मोठा, हा वाद आपल्याकडे कर्णाच्या काळापासून चालत आला आहे. सूताघरीं वाढलेल्या कर्णाला जन्मतः कवचकुंडलेंहि मिळालीं होतीं आणि अव्हेरहि मिळाला होता. म्हणजे एक्का आणि जोकर हीं दोन्ही पानें एकाच हातांत होतीं. या परक्या मालेंत तोच वाद नव्या वेषांत पुढें येतो. विषाणु गुणदोष पाहून पानें वांटीत नाहीं. ज्याला एक्का मिळाला त्यानें तो कमावलेला नसतो, आणि ज्याला जोकर मिळाला त्यानें कांहीं पाप केलेलें नसतें. आपलें कुळ, आपलें आरोग्य, आपली बुद्धि, आपला जन्मदेश हींहि पानें आपण निवडलेलीं नाहींत. तरी चांगलें पान हातीं आलें कीं, तें आपल्या योग्यतेनें मिळालें असें मानण्याची माणसाची खोड फार जुनी आहे. जॅक ब्राउनची साक्ष आणि डेसमंडची रोजनिशी लागोपाठ वाचली असतां त्या खोडीला चांगलाच धक्का बसतो. चार दिवसांच्या करमणुकीबरोबर एवढें पदरीं पडत असेल, तर हीं पुस्तकें शाळकरी पोरांचीं म्हणून दूर सारण्याचें कारण मला दिसत नाहीं.